गिधाडे गेली कुठे?

मंडळी, गेल्या महिन्यात या सदरासाठी एका भगिनीचे पत्र आले. पत्र छोटेच आहे, पण ते वाचल्यापासून मनातून जाईना, म्हणून या वेळचा ठरवलेला विषय बाजूला ठेवून तिलाच उत्तर लिहायला बसलो आहे. ती लिहिते :

"माझा मुलगा चौथीत आहे. बाईंनी रामायणातला एक प्रसंग काढून आणायला सांगितला. त्याने जटायू काढायचे ठरवले आणि मला विचारले, आई, गिधाड कसे असते गं? मी म्हटले, घारीपेक्षा मोठे, उघड्या मानेचे. तर म्हणतो, मला दाखव. लहानपणी माहेरी मी गिधाडे पाहिली आहेत, पुसट आठवतात. पण आता दाखवायला आमच्या शिवारात एकही नाही. शेवटी त्याने घारच काढली आणि तिला मोठी चोच लावली. ती सगळी गेली कुठे? आणि आम्हा घरच्या माणसांना यात काही करता येण्यासारखे आहे का?"

ताई, करता येण्यासारखे आहे. किंबहुना जे करायचे ते बरेचसे तुमच्या गोठ्यातच करायचे आहे. पण ते सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आमचे गाव इगतपुरीकडचे. तिथून सर्वतीर्थ टाकेद जवळ. रावणाने पंख छाटल्यावर जटायू पडला तो इथेच, अशी आमच्याकडची श्रद्धा. त्यामुळे गिधाडाला आमच्याकडे नाक मुरडले तरी कुणी दगड मारत नसे. इतर ठिकाणी त्याच्या वाट्याला शिव्याच फार. कुणी लबाडीने जमीन लाटली की तो "गिधाडासारखा टपून बसला होता" म्हणायचे! वास्तविक बिचारे गिधाड जिवंताच्या वाटेला जात नाही. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी जात वेगळी, तिला पंख नसतात.

गावाबाहेर ओढ्यापलीकडे एक माळ होता. मेलेले ढोर तिथे नेऊन टाकायचे. ते ओढून नेण्याचे काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजावर लादले होते आणि वर त्यालाच हिणवले होते. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्या लोकांनी ते नाकारले, हे फार योग्य झाले. पुढे ज्याचे जनावर त्यानेच न्यावे असा रिवाज पडला. आम्ही मुले बैलगाडीमागे पळत जायचो.

ढोर टाकले तेव्हा आभाळ मोकळे असायचे. एक टिपका दिसायचा, मग दुसरा. गिधाड वासावर येत नाही, नजरेवर येते. उंचावर एकेकटी घिरट्या घालणारी गिधाडे खालच्या जमिनीवर जशी नजर ठेवतात तशी शेजारच्या गिधाडावरही ठेवतात. एकाने खाली सूर मारला की दुसऱ्याला कळते, दुसऱ्यामुळे तिसऱ्याला. अशी बातमी पंचक्रोशीत पसरायची आणि तासाभरात माळावर चाळीस-पन्नास पाहुणे उतरायचे. भांडण, फिसकारणे, पंखांचा फडफडाट, आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा. वास नाही, माशा नाहीत, किडे नाहीत. गावाला एक पैसा खर्च न पडता हे काम होत होते, आणि ते काम आहे हेही कुणाच्या ध्यानात नव्हते.

आमच्याकडे मुख्यतः दोन जातींची गिधाडे. एक पांढऱ्या पाठीचे, ते उंच झाडावर काटक्यांचे घरटे करते. दुसरे लांब चोचीचे, ते कड्याच्या कपारीत राहते. अंजनेरीच्या कड्यावर पांढऱ्या रेघोट्या दिसतात, ती त्यांच्या विष्ठेची खूण. देशभरात चार कोटी गिधाडे असावीत असा १९८० च्या सुमाराचा अंदाज सांगितला जातो. मग १९९० नंतर काय झाले कुणास ठाऊक, पण गळतीच लागली.

किती गळती? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९.९ ने घटली. म्हणजे १९९२ साली हजार असतील, तर २००७ साली एक उरले. लांब चोचीची शंभरातली तीन उरली. एवढ्या झपाट्याने एवढा मोठा पक्षी नाहीसा झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी असतील.

गावोगाव ज्याची त्याची कारणे होती. कुणी म्हणे पिकावरच्या फवारणीने मेली, कुणी म्हणे मोठी झाडे तुटली, कुणी म्हणे गुरेच कमी झाली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश हे गिधाडांच्या घरट्यांची मोजदाद करत असत. मागे भरलेली झाडे त्यांना रिकामी दिसू लागली, झाडाखाली मेलेली गिधाडे सापडू लागली. अन्न तर भरपूर पडलेले. मग उपासमार म्हणावी कशी? एखादी साथ असावी असा पहिला तर्क होता. तपासण्या झाल्या, पण रोगजंतू सापडेना.

मेलेल्या गिधाडांचे पोट फाडून पाहिले तर आतल्या अवयवांवर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा थर दिसे. मूत्रपिंड निकामी झाले की लघवीवाटे जाणारे द्रव्य रक्तात साठते आणि असे अवयवांवर बसते. माणसाच्या सांध्यात साठले तर आपण त्याला गाऊट म्हणतो. पण मूत्रपिंड निकामी होते कशाने? हे कोडे पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणारे अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली सोडवले. कीटकनाशक नाही, जड धातू नाही, रोगजंतू नाही. त्यांनी सरळ प्रश्न विचारला, की गिधाड खाते गुरे, तर गुरांना अलीकडे नवीन काय दिले जाते? दुकानदारांकडे आणि गुरांच्या डॉक्टरांकडे चौकशी केली. उत्तर आले, डायक्लोफेनॅक.

मंडळी, हे नाव आपल्याला परके नाही. कंबर धरली, गुडघा दुखला की आपणही हीच गोळी घेतो. वेदना आणि सूज उतरवणारे हे औषध १९९० नंतर गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले. गायबैलाला त्याने गुण येई. पण सुई दिल्यावर लगेच जनावर दगावले, आणि त्याचे मांस किंवा काळीज गिधाडाच्या पोटात गेले, की दोन-तीन दिवसांत गिधाडाचे मूत्रपिंड बंद. गाईला जे औषध, तेच गिधाडाला विष.

आता इथे मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतकी वर्षे मी ती कुठे लिहिली नव्हती.

१९९६ साली आमचा पवळ्या बैल म्हातारा झाला होता. खांदा सुजला, त्यात मागचा पाय लंगडू लागला. पेरणी तोंडावर आलेली. वडिलांना तो फार लाडका. स्वतःच्या पायाला कधी औषध लावले नाही त्या माणसाने, पण पवळ्यासाठी शेजारच्या गावाहून सुई टोचणाऱ्याला आणले. तीन दिवस रोज एक सुई. पहिल्याच सुईनंतर बैल उभा राहिला, वैरण खाऊ लागला. आईने त्या माणसाला जेवायला वाढले. चौथ्या दिवशी सकाळी पवळ्या गव्हाणीपाशी पडलेला सापडला. वयच झाले होते त्याचे.

आम्ही त्याला माळावर नेला. तेव्हा गिधाडे कमी झालीच होती, तरी दहा-बारा उतरली. वडील लांब बांधावर बसून राहिले होते. म्हणाले, "चला, त्याची माती नीट झाली."

तीन दिवसांनी मी ओढ्यावर गेलो तर उंबराच्या झाडावर दोन गिधाडे मान टाकून बसलेली. झोपली आहेत असे वाटले. ढेकूळ मारून पाहिले तरी हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी एक खाली पडलेले होते. कुणीतरी विष घातले म्हणून वडील दोन दिवस गावात चिडून विचारत फिरले. त्यानंतर त्या माळावर मी गिधाड उतरलेले पाहिले नाही.

त्या सुयांमध्ये काय होते याची चिठ्ठी आमच्याजवळ नाही. बाटली कुणी जपून ठेवतो का? पण पुढे २००४ साली मान टाकून बसणाऱ्या गिधाडांचे वर्णन वाचले तेव्हा मला तो उंबर आठवला. वडील तेव्हा हयात होते. त्यांना मी सांगितले नाही. सुई टोचणाऱ्याचाही दोष मानत नाही. दिल्लीपासून गल्लीपर्यंत त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. आज मात्र ठाऊक आहे, आणि फरक आहे तो एवढाच.

कुणी म्हणेल, एका बैलाने काय होते? शास्त्रज्ञांनी याचाच हिशेब २००४ साली मांडला. गिधाड दिवसभरात लांबवर हिंडते आणि एका ढोरावर पन्नास-पन्नास जेवतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू जोडी जमवण्याच्या वयाला यायला चार-पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्याचा निर्वंश व्हायला ७६० ढोरांत एक जरी विषारी निघाले तरी पुरे. फार तर १३० त एक. प्रत्यक्षात काय होते? २००४-०५ साली भारतातल्या मेलेल्या गुरांची काळजे तपासली, तर शंभरातल्या दहांमध्ये हे औषध सापडले. म्हणजे नुसता एक बैल घातक होता असे नाही, पण आमच्यासारखे दहात एक बैल गावोगाव माळावर पडत होते.

गिधाडे गेल्यावर त्यांचे काम कुणी केले? भटक्या कुत्र्यांनी. ती अर्धेमुर्धे खातात, उरलेले सडते, पावसात वाहून ओढ्यात-विहिरीत उतरते. कुत्र्यांची पैदास वाढली, तसे चावे वाढले, पिसाळलेल्यांची भीती वाढली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती त्या जिल्ह्यांत गिधाडे गेल्यानंतर माणसांच्या मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढले, आणि २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे पाच लाख माणसे जास्तीची गेली, असा त्यांचा हिशेब आहे. मुंबईतल्या पारशी बांधवांच्या दोखम्यांवरही गिधाडे येईनाशी झाली, आणि शेकडो वर्षांची त्यांची अंत्यविधीची रीत अडून बसली. एका औषधाची सुई कुठे कुठे जाऊन टोचली पाहा.

सरकारने २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीचे चालूच होते, आणि त्याच्या तीस मिलीच्या मोठ्या बाटल्या मिळत. माणसाला तीन मिली पुरते. मोठी बाटली कुणासाठी विकली जाई ते उघड आहे. म्हणून २०१५ साली माणसांच्या सुईचीही बाटली तीन मिलीचीच असावी असा नियम आला. मग ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही भावंडे बाजारात शिरली. यातले ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या पोटात गेले की त्याचेच डायक्लोफेनॅक होते. या दोघांवर २०२३ साली बंदी आली, आणि २०२४ च्या अखेरीस गुरांसाठीच्या निमेसुलाइडवरही.

मग दुखणाऱ्या जनावराला तसेच ठेवायचे का? मुळीच नाही. गिधाडासाठी गाईला तळमळत ठेवा असे सांगणाऱ्याच्या सल्ल्याला शेतकऱ्याने हिंग लावून विचारू नये. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध सूज आणि ताप दोन्हींवर चालते आणि गिधाडांना ते सोसते, हे २००६ पासून सिद्ध झालेले आहे. टॉल्फेनॅमिक ॲसिड हे दुसरे. दोन्ही आपल्या बाजारात मिळतात. माझी विनंती एवढीच, की गोठ्यात कुणी सुई भरताना दिसला की विचारा,

"डाक्टर, हे कुठलं?"

"दुखण्याचं आहे, दादा. लगेच उठंल बघा."

"ते झालं. पण नाव काय त्याचं? मेलॉक्सिकॅम असंल तर टोचा."

एवढे बोलायला लाज वाटायचे कारण नाही. पैसे आपले, जनावर आपले. आणि बाया मंडळींना मुद्दाम सांगतो, कारण दुपारच्या वेळी गोठ्यात बहुधा तुम्हीच असता : बाटलीवरचे नाव मुलाकडून वाचून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लिहून ठेवा. कोणत्या जनावराला, कोणते औषध. गाभण जनावराची तारीख आपण लिहितोच, त्याच्याच शेजारी हे. पुढे डॉक्टर बदलला तरी त्यालाही उपयोग होतो. दुकानातून स्वतःच आणून टोचणे तर बंदच करा. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

जनावर सुई दिल्यापासून आठवड्याच्या आत दगावले आणि औषध कोणते ते नक्की नसेल, तर ते उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा घेऊन पुरा. फाशी रोगाची शंका असेल, म्हणजे अचानक मरण, नाकातोंडातून काळे न गोठणारे रक्त, तर कातडे काढायच्या भानगडीत कुणीही पडू नये. डॉक्टरला कळवावे आणि तो सांगेल तसे चुन्यासह पुरावे. तो रोग माणसालाही होतो.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. बिबट्याने वासरू मारले की रागाच्या भरात उरलेल्या मढ्यावर फवारणीचे औषध ओतणारे लोक आहेत. राग मला समजतो. वासरू गेलेल्या घरात मी बसलेलो आहे. पण बिबट्या परत येईलच असे नाही, आणि दिवस उजाडताच जे उतरते ते गिधाड असते. एका मढ्यावर एका सकाळी तीस-चाळीस मरू शकतात. वासराची भरपाई वनखात्याकडे मागता येते, मढ्याला हात न लावता पंचनामा करून घ्या.

आता उरलेल्या गिधाडांना वाचवायचे काय चालले आहे ते सांगतो. हरियाणात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथले वनखाते यांनी मिळून गिधाडांचे पाळणाघर उभारले. आजारी, जखमी, घरट्यातून पडलेली गिधाडे आणून त्यांच्या जोड्या जमवायच्या, पिल्ले वाढवायची, असे वीस वर्षांहून अधिक काळ चालले आहे. त्याला नावही जटायूचेच दिले आहे. वर्षाला एक अंडे देणाऱ्या पक्ष्याची पैदास म्हणजे काय चिकाटीचे काम आहे, हे दुभती म्हैस सांभाळणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

त्यातली काही गिधाडे २०२४ च्या जानेवारीत आपल्या विदर्भात ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली. आधी काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून हवापाण्याची सवय केली आणि मग पावसाळ्यात दारे उघडली. सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या पाठीवर एक लहानसे यंत्र बांधले. ते उपग्रहाला खूण देत राहते, आणि गिधाड आज कुठे बसले, कुठे जेवले, ते कार्यालयात बसून कळते. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरावरून तो कुठे चरतोय ते आपल्याला कळायचे, तसेच हे. फक्त घुंगराचा आवाज शेकडो मैलांवर ऐकू जातो.

त्यातल्या एन-११ असा क्रमांक दिलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाने तर कमालच केली. ताडोब्यातून निघाले ते छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक असे सुमारे चार हजार किलोमीटर हिंडून थेट तामिळनाडूत उतरले. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी! तिथे वनखात्याच्या लोकांनी थकलेल्या पाहुण्याला खाऊपिऊ घातले. या यंत्रामुळे गिधाड कुठे अडते तेही समजते. खूण एकाच जागी थांबली की माणसे धावतात. कधी ते विजेच्या तारेला लागलेले असते, कधी उपाशी बसलेले, कधी काही वावगे खाल्लेले. ज्या गावाच्या शिवारात विषारी ढोर पडले त्या गावाचा पत्ता आता गिधाडच सांगू शकते. मला विचाराल तर पिंजऱ्यातल्या पैदाशीपेक्षा या यंत्राची किंमत मोठी आहे. पिल्ले कितीही सोडली तरी खालचे ढोर स्वच्छ नसेल तर पुन्हा तीच गत.

म्हणून काही ठिकाणी स्वच्छ ढोराची व्यवस्था गावानेच केली आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखाते आणि आदिवासी गावकरी यांनी मिळून गिधाडांसाठी जागा राखली आहे. आसपास जनावर मेले की ते तिथे टाकायचे. लोक तिला चक्क गिधाडांचे हॉटेल म्हणतात! रायगडात फणसाड अभयारण्यात आणि गडचिरोलीतही असे प्रयोग झाले. कोकणात श्रीवर्धन-म्हसळा भागात गिधाडे नारळीवर, आंब्यावर घरटी करतात, तिथल्या बागाईतदारांनी घरट्याचे झाड न तोडण्याचे मनावर घेतले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या किनाऱ्यावरची हजारो झाडे लोळवली, तेव्हा माणसाबरोबर पाखरांचीही घरे गेली. पण वादळाला काय सांगणार?

तुमच्या शिवारात थकलेले किंवा जखमी गिधाड सापडले तर पहिली गोष्ट, गर्दी हटवा आणि कुत्री बांधा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. डोके झाकेल असे जाड फडके किंवा गोणपाट हळूच टाकले की पक्षी शांत होतो. मोठ्या खोक्यात किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पाठीवर यंत्र किंवा पंखावर क्रमांकाची पट्टी दिसली तर ती काढू नका, क्रमांक वाचून सांगा. आणि मेलेले सापडले तरी कळवा. ते कशाने मेले हे कळण्यातच पुढच्या दहांचे जगणे आहे.

एका गावात मी हे सगळे बोललो तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, आता ढोरंच कोण ठेवतंय? ट्रॅक्टर आला, गिधाडाला खायला काय घालायचं?" टाळ्या पडल्या. मीही हसलो. खरे आहे त्यांचे, बैल कमी झाले. पण दुधाची जनावरे गावोगाव आहेत आणि तीही मरतात. ती मेल्यावर कुठे जातात हे त्यांना विचारले, तर म्हणाले, "रस्त्याच्या कडेला." तिथे कुत्री असतात का? "असतात की. मागल्या साली माझ्या नातवाला चावलं." मग थोडा वेळ कुणी बोलले नाही.

असो. ताई, तुमच्या पत्राचा मुख्य प्रश्न राहिलाच. मुलाला गिधाड दाखवायचे आहे ना? मग दिवाळीनंतरच्या थंडीत सुट्टीच्या दिवशी त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर अंजनेरीला जा. कड्यावर त्यांची घरटी त्या दिवसांत चालू असतात, म्हणून वर चढून आरडाओरडा न करता खालूनच पाहा. अगदी पहाटे जाण्यात अर्थ नाही. ऊन तापून वारा वर उठायला लागला की, म्हणजे नऊ-दहाच्या सुमारास, ती कपारीतून सुटतात. घार आणि गिधाड यांत मुलाची फसगत होऊ नये म्हणून सांगतो. घारीचे शेपूट मागे खाचेचे असते आणि ती ते सारखे वळवत राहते. गिधाडाचे शेपूट आखूड, पंख फळीसारखे रुंद, टोकाला बोटे पसरल्यासारखी पिसे, आणि कितीतरी वेळ ते पंख हलवतच नाही. खालून पंखाचा पुढचा भाग पांढरा दिसला तर ते पांढऱ्या पाठीचे. सगळे फिकट मातकट दिसले तर लांब चोचीचे.

चित्र पुन्हा काढले तर मला पाठवायला सांगा. रंग करताना मान काळपट ठेवायची, पिसे गळ्यापाशी संपतात आणि तिथे पांढरट मऊ कॉलर असते.